मास्कचं सोवळं

आमच्या अग्निशमन ठाण्यात पाठीवर घ्यायचे हवेचे संच दोन आणि पाळीला माणसं सहा. म्हणजे एक मास्क तिघांच्या तोंडाला. हा हिशेब मी साहेबांना कितीदा तरी सांगितला. सिलेंडर एकच असू द्या, पण मास्क ज्याचा त्याला द्या. "वरून येत न्हाई," एवढंच उत्तर.

चिटगुप्पा गावाच्या बाजूला तुरीचं गोदाम पेटलं, तेव्हा आत गेलेला सोबती आधीपासूनच खोकत होता. बाहेर येऊन त्यानं मास्क काढून माझ्या हातात दिला. आतून थुंकीनं ओला, कडेला काजळी. माझ्या घरी तान्ही नात, तीही सातव्या महिन्यात झालेली. खोकणाऱ्याला तिच्याजवळ येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आत माणूस कुणी नव्हतं, पोतीच जळत होती. मी म्हणालो, "दोन मिनिटं द्या, धुतो."

साहेब सगळ्यांदेखत हसले. "कामून हो अण्णा? तुमच्यात बी सोवळं सुरू झालं व्हय?"

तुमच्यात! आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी ह्याच भागात वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायलं. आणि सोवळ्याचा टोमणा मला? हसणाऱ्यांत तो खोकणाराही होता. मी मास्क बाहीनं पुसला, घातला आणि आत गेलो. पुढचा आठवडाभर नातीला दारातूनच पाहिलं.

त्यानंतर साबण घरून न्यायला लागलो. मास्क कोमट पाण्यात धुवायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, सावलीत वाळवायचा. सोबती म्हणायचे, "अण्णा लेकराला न्हाऊ घालायलेत बघा."

मागच्या महिन्यात वरचे अधिकारी तपासणीला आले. साहेबांनाच संच घालून दाखवायचा होता. मी वाळलेला मास्क पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि हळूच विचारलं, "आधी कुणी घातलता?"

धुतलाय का, हे विचारलं नाही.

"मी," म्हणालो.

त्यांनी तो बाजूला ठेवून दुसरा घेतला. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा हुकूम निघाला, वापरल्यावर मास्क धुवायलाच पाहिजे. धुणार कोण? तर मी.

"न्हाई," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "ज्यानं घातला, त्यानं धुवायचा. कालचा तुमचा आहे, साहेब."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. साहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत. नळाखाली बादली आहे, साबण आहे, ज्याचा तो धुतो. आणि मी घरी जाऊन नातीला उचलून घेतो.