दीवला जे बघायचं राहिलं

परवाच दीवहून बडोद्याला परत आले. अजून बॅग उघडलेली नाही, अंग ठणकतंय... आणि ऑफिसात जो तो विचारतोय, काय काय पाहिलंस?

खरं तर ही ट्रिप आईसाठी होती. बाबांच्या आजारपणात चार वर्षं ती घराबाहेर पडली नाही, आणि ते गेल्यावर तर नाहीच नाही. कुठे जायचं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "समुद्र असेल तिथे."

माझी रजा चार दिवसांची, त्यातले दोन नुसते प्रवासात. मग एवढं लांब जाऊन सगळं उरकून घ्यायला नको? मी फोनमध्ये यादीच केली. पहिल्या दिवशी किल्ला, नायडा गुंफा, गंगेश्वर, वणाकबाऱ्याच्या होड्या. दुसऱ्या दिवशी सोमनाथ, जमलंच तर तुळशीश्याम.

समुद्र काय, सगळीकडे दिसणारच होता. दिसलाही... गाडीच्या काचेतून.

संध्याकाळी आईचे पाय सुजले. मी मलम दिलं आणि उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं. वा रे लेक!

सकाळी आईला गाडीत बसवून मी चार्जर आणायला खोलीत गेले. परत येते तर आमचे ड्रायव्हर जयंतीभाई दाराशी वाकून तिला विचारत होते, "बा, तमने सोमनाथ सुधी फावशे?" झेपेल का, बरं वाटेल का, सगळं त्या एका 'फावशे'त येतं.

"ना भाई, नथी फावतुं," आई म्हणाली. "मारे तो खाली दरिया पासे बेसवुं छे." तिला नुसतं समुद्राजवळ बसायचं होतं.

मी तिथेच थबकले. दारावर येणाऱ्या भाजीवाल्याला ती गुजरातीत रोज खणखणीत 'नाही' म्हणते. पण घरात, मराठीत, मी तिच्या तोंडून फक्त 'चालेल' ऐकत आलेय.

खरं सांगते, आधी रागच आला. मला सांगायला काय झालं होतं? मग लक्षात आलं, मी विचारते कुठे... मी म्हणते, "आई, चालेल ना?" त्या 'ना'मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं. जयंतीभाईंनी विचारलं आणि ते थांबले, एवढाच फरक.

सोमनाथ राहिलं, तुळशीश्याम राहिलं. हॉटेलवाल्यांकडून एक प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि दीवच्याच घोघल्याच्या बीचवर वाळूत रोवली. आई तिच्यावर पाय पसरून बसली.

मी शेजारी वाळूत आडवी झाले आणि चक्क झोपले. कधीपासूनचा थकवा होता कोण जाणे... तिचाही आणि माझाही.

जाग आली तेव्हा भरती लागली होती, पाणी खुर्चीच्या पायांशी आलं होतं. मी विचारलं, "आई, खुर्ची मागे घेऊ?" आणि तोंड मिटून थांबले.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"नको," आई म्हणाली. मराठीत. मला. इतकं बरं वाटलं ना... की रडूच आलं.