रिकाम्या डब्याची खिरापत

भूतबित, अंगात येणं वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. वडील समुद्रपूरला मास्तर. असल्या गोष्टी निघाल्या की ते सरळ उठून जायचे. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्यासमोर घडलंय... आणि लिहिताना माझीच शोभा होणार आहे.

चोपन्न-पंचावन्न साल असेल. मी एकोणीस वर्षांची, हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमधल्या एका फिटरला, बिजवराला दिलेली. घरात त्यांची सात वर्षांची सुमी. तिची आई कमल जाऊन वर्षही झालं नव्हतं. सुमी माझ्याशी हो-नाहीपुरतीच बोलायची.

भाद्रपदाच्या पुनवेला घरोघरी भुलाबाई बसली – कोजागिरीपर्यंत मुली रोज जिच्यापुढे गाणी म्हणतात ती मातीची पार्वती. सुमीनं वणा नदीची माती आणून आपल्या हातानं मूर्ती घडवली – रुंद कपाळ, किंचित वाकडं नाक. शेजारच्या काकू बघतच राहिल्या.

"अवं, हे तं कमलच हाय."

मी कमलला कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज बघायला लागले.

दिवेलागणीला मुली जमायच्या. सुमी स्वतः गाणी रचायची – आई भाकर कशी थापायची, ताप भरला तेव्हा काय म्हणाली, सगळं त्यात. आई गेल्यावर एकदाही न रडलेली पोर गाता गाता रडायची आणि मग पोटभर जेवायची. मला आनंद व्हायला हवा होता. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत मुलींनी ओळखायची. सुमी भुलाबाईच्या तोंडाशी कान न्यायची आणि अचूक सांगायची.

"आईनं सांगतलं."

वास येत असेल, म्हटलं. एकदा ती शाळेत असताना भोपळ्याच्या बिया भाजून ठेवल्या... त्याही ओळखल्या.

कोजागिरीच्या सकाळी ह्यांनी एक पुडी आणली. हिरव्या मण्यांची बारकी माळ – भुलाबाईसाठी. मातीला माळ, आणि मला साधी बांगडीसुद्धा नाही. दोघांना वाढलं, स्वतः जेवले नाही. कोणी विचारलंही नाही. संध्याकाळी आतून कडी लावून रिकामाच डबा झाकला. विचार म्हणावं आता तुझ्या आईला.

सुमीनं कान लावला. बराच वेळ. मग उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"डब्यात काईच नाई. आई म्हणते, तू सकाळपासून जेवली नाई. तुले पह्यले वाढ म्हणते."

ती आत जाऊन भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन आली. सगळ्या मुलींसमोर मी जेवले. डोळ्यांचं पाणी काही थांबेना.

दुसऱ्या दिवशी सुमीनं भुलाबाई नदीत सोडली, माळेसकट. रडली नाही. परतताना तिनं माझं बोट धरलं.

मी जेवले नाही हे पोरीनं पाहिलं असेल, असं माझे वडील म्हणाले असते. पण डबा? तो कोणीच पाहिला नव्हता. इतकी वर्षं विचार केला, उलगडा नाही. आणि खरं सांगू – कमलचा हेवा अजूनही वाटतो. पण त्या घरात मी उपाशी आहे, हे तेवढं तिलाच कळलं.