हायकू, बोंबील आणि पुढच्या दोन ओळी

गेल्या रविवारी बोईसरला हायकूच्या कार्यशाळेला जाऊन आले. चहा-बिस्किटं फुकट होती म्हणून गेले, असं सगळ्यांना सांगितलंय... खरं म्हणजे रविवारी घर खायला उठतं.

हॉलभर माणसं बोटं मोजत बसलेली. पाच, सात, पाच... शेजारच्या निवृत्त साहेबांचा सूर्यास्त काही केल्या सतरा अक्षरांत मावळेना.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हायकूत ऋतूची एक खूण लागते. तुमच्याकडे ऋतू कशावरून कळतो? मागून कुणीतरी ओरडलं, "वासावरून, मॅडम! पावसात कारखान्यांच्या केमिकलचा, पाऊस सरला की वाळत्या बोंबलाचा!" सगळे हसले. मीही हसले, पण मन समुद्रकाठी, नवापूरला आमच्या अंगणात पोचलं होतं.

मग बाईंनी सांगितलं, जपानात हा प्रकार मुळात एकट्याचा नव्हताच. मंडळी जमायची. एकजण तीन ओळी म्हणायचा, दुसरा त्यांना दोन जोडायचा, पुढचा पुन्हा तीन... अशी लांबच लांब साखळी. त्यातली पहिली कडी पुढे सुटी झाली आणि एकटी राहायला शिकली. तोच हायकू.

एकटी राहायला शिकली म्हणे... बाईंना बोलायला काय जातंय!

माझा नवरा जहाजावर असतो. रेंज मिळाली की फोन. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." संपलं. एवढ्या संसारात आता बोलायला इतकंच उरलंय की काय, ही धास्ती मी कुणाला दाखवत नाही. लोकांना माझे टोमणे आवडतात.

त्या संध्याकाळी घरी आले आणि पायरीवर बसून त्याला तीन ओळी पाठवल्या. हायकू आहे वगैरे काही लिहिलं नाही.

सुके बोंबील
अंगणभर वारा
दार उघडं

मग नुसती एक टिक. दुसऱ्या दिवशीही एकच टिक... जहाज कुठल्या समुद्रात होतं कुणास ठाऊक.

काल तिन्हीसांजेला, तशीच पायरीवर बसले असताना, मोबाईल वाजला.

दार लाव गो, मांजर शिरंल
माज्या वाटचे डब्यात ठेव, मी येतंय

हायकू कशाशी खातात हे त्याला माहीत नाही. मीही त्याची अक्षरं मोजली नाहीत.

उठले. त्याच्या वाटचे बोंबील डब्यात भरले. दार लावलं... कडी नाही घातली.