उजेड न सोसणारा स्फटिक

निवृत्त होताना आमच्या भूगर्भशास्त्राच्या बाईंनी वर्षानुवर्षं जपलेला व्हिव्हिअनाइटचा स्फटिक माझ्या हाती दिला. हे दुर्मिळ फॉस्फेट खनिज इतकं मऊ, की नखानेही ओरखडा उठतो. काळ्या कापडातला तो तुकडा काचेसारखा नितळ, फिकट हिरवा होता. माझ्या विद्यार्थ्यांना नीट दिसावा म्हणून मी तो वर्गाच्या खिडकीपाशी मांडला. काही महिन्यांनी बाई भेटायला आल्या, तोवर तो काळानिळा पडून तडकला होता.

"उजेड सोसत नाही गं त्याला. सांगायचंच राहिलं माझं."

"परत पहिल्यासारखा होईल?"

"नाही."

बघायला उजेड लागतो आणि उजेडानेच जे विझतं, ते जपायचं तरी कसं? बाई त्याच्यासमोर बसून राहिल्या. मी उठून खिडकीचा पडदा ओढला.