अक्का, बैल आणि मांजरेचं पाणी

आमच्या दवाखान्याला इमारत एक आणि दरवाजे दोन होते. उजव्या दरवाजानं माणसं यायची, डाव्यानं जनावरं. भालकीजवळच्या मेहकरच्या बाजूला, मांजरा नदीपासून हाकेच्या अंतरावर होता तो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. डॉक्टर भालकीहून आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस दवाखाना सांभाळायला आम्ही दोघंच, मी आणि चाचा.

मी उदगीरची. हाड जुळल्यावर आखडलेले सांधे मालिश करून, हातपाय हलवून मोकळे कसे करायचे, ते मी हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात शिकले होते. आमच्या भागात या कामाला नाव नव्हतं. लोकांनीच ठेवलं. मी कवायतबाई झाले.

चाचा पूर्वी निजामाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, घोड्यांचे पाय चोळायचे. रिसाला मोडला, घोडे गेले आणि सरकारनं चाचांना बैलांसाठी आमच्याकडं पाठवलं. यात त्यांना जरा कमीपणा वाटायचा. "घोडे को दर्द हुआ तो बोलता. बैल सोचताच रहता," म्हणायचे. माझ्याकडं गर्दी झाली की ते माणसांनाही बघायचे. आधी माणसाभोवती एक चक्कर मारायचे, मग पोटरी चाचपायचे, मग पाठीवर थाप देऊन "शाब्बास बेटा" म्हणायचे. एकदा कंबर धरलेल्या एका गुत्तेदाराला चालवून बघताना त्यांनी सवयीनं जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, आणि गुत्तेदार दुडक्या चालीनं फाटकापर्यंत गेला. मागनं त्यानं माझ्याकडं तक्रार केली. पण चालत येऊन केली.

त्या काळात मंठाळकडच्या एका डाळीच्या व्यापाऱ्यानं आपल्या आईला आणि आईच्या बैलाला एकाच दिवशी आणलं. आई खाटेवर, बैल मागनं लंगडत. जत्रेहून येताना लॉरी बघून बैल बुजला होता आणि गाडी नाल्यात उलटली होती. आईचं मांडीचं हाड मोडलं, बैलाचा खांदा गेला. हाड बीदरला नेऊन बसवलं होतं आणि ते जुळलंही होतं, पण पाय लाकडासारखा ताठ राहिला होता. बैलाचंही तसंच. तो उजवा पुढचा पाय टेकवायचा, पण उचलायचा नाही.

"दोघांचंबी हितंच होतंय म्हनले, म्हनून घेऊन आलाव," व्यापारी म्हणाला. दुकान उघडायचं होतं. तो निघून गेला.

म्हातारीच्या गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आवाज खणखणीत. तिला सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले. पहिल्या सकाळी मी त्यांचा पाय हातात घेतला तर त्यांनी तो काढून घेतला.

"काय करायलीस?"

"पाय वाकवायचाय, अक्का. रोज थोडा थोडा."

"हाड जुळलंय न्हवं? मग कामून वाकवायचा? मला काय तालमीत जायचंय?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बघून डोळे मिटून घेतले. सुनांनी उभ्या जन्मात केली नसेल एवढी सेवा करून घेत होत्या, पण पाय द्यायला तयार नव्हत्या.

त्या बैलाशी मात्र त्यांनी अबोला धरला होता. वासरू असल्यापासून त्यांनी त्याला हातानं चारलेला. लॉरी बघून बुजला आणि आपल्याला नाल्यात टाकलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. खाट खिडकीपाशी होती आणि बैल खिडकीबाहेर लिंबाखाली. अक्का बोलल्या की तो कान टवकारून हंबरायचा. अक्का भिंतीकडं तोंड करायच्या.

तिकडं चाचांचीही तीच गत. ते बैलाचा खांदा चोळायचे तेव्हा तो सुखानं डोळे मिटायचा. "चल बेटा, टांग उठा" म्हटलं की महादेवासमोरच्या नंदीसारखा जागचा हलायचा नाही. चार दिवस झाल्यावर चाचा माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, यो बैल बहरा है."

भिंतीकडं तोंड केलेल्या अक्का म्हणाल्या, "भैरा न्हाई त्यो. त्येला तुमची भाषा कळंना. त्यो कानडी हाय."

"तो तुम बोलो ना."

"मी न्हाई बोलत त्याच्याशी."

अक्का माणसांशी मराठी बोलायच्या आणि बैलाशी कानडी. घरात तशीच रीत होती म्हणे. मी त्यांना विचारलं, पाय उचल म्हणायला काय म्हणतात. त्यांनी आधी भिंतीचा एक पोपडा नखानं काढला. मग म्हणाल्या, "कालु एत्तु." मी ते चाचांना सांगितलं. चाचांनी ते शब्द घशातून असे काढले की बैलानं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, विचार केला आणि खाली बसला.

अक्का हसल्या. हसता हसता कोपरावर उठल्या, आणि नीट दिसावं म्हणून खिडकीकडं वळल्या. वळताना त्यांचा दुखरा पाय कमरेत वाकला. त्यांना ते कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी खाट खिडकीपासून लांब सरकवली.

"कामून सरकवलीस?"

"ऊन येतंय, अक्का."

"मला हिव वाजायलंय."

"मग पांघरूण देते."

बाहेर चाचा रोजच्यासारखे सुरू झाले. आज त्यांनी नवीनच उच्चार काढला होता. अक्का तोंडावर पांघरूण घेऊन ऐकत राहिल्या, चुळबुळ करत राहिल्या. शेवटी त्यांनी पांघरूण फेकलं. "ह्यो मानूस माझ्या बैलाला येडा करनार," म्हणाल्या आणि माझा खांदा धरून उठल्या. एक हात माझ्या खांद्यावर, एक भिंतीवर, पाय ओढत ओढत खिडकीशी गेल्या. गजांना धरून ओरडल्या, "कालु एत्तु."

बैलानं ताडकन पाय उचलला. चाचा दोन पावलं मागं सरले.

"एत्तु," अक्का पुन्हा म्हणाल्या. बैलानं पुन्हा उचलला. लेकराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसा प्रत्येक 'एत्तु'ला अक्कांचा पाय गुडघ्यात वाकून वर येत होता. मी मागं उभी राहून त्यांची कंबर धरून ठेवली होती. हैदराबादच्या डॉक्टरांनी मला एवढं शिकवलं, पण रोग्याला कळू न देता कवायत करून घ्यायची, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग रोज तेच. खिडकीतून दारात, दारातून लिंबाखाली. हुकमापलीकडं एक शब्द अक्का बैलाशी बोलत नव्हत्या. बैलाची त्याला हरकत नव्हती.

पुढं चाचा म्हणाले की आता पाणी पाहिजे. रिसाल्यात ते जखडलेल्या घोड्याला गुडघाभर पाण्यात चालवायचे. म्हणून आम्ही मांजरेवर गेलो. पण बैल काठावर थबकला. अक्का वाळूतून म्हणाल्या, "नडी." चल. तो गेला नाही. त्यानं फक्त वळून त्यांच्याकडं पाहिलं.

"भ्यायलाय," अक्का म्हणाल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. माझ्याबरबर येईल." त्यांनी लुगडं खोचलं, बैलाच्या वशिंडावर हात टाकला आणि पाण्यात उतरल्या. मी धावले, पण चाचांनी हातानं थांबवलं. "जाने दो. दोनों को एकच बीमारी है."

पाणी गुडघ्याशी आलं तसं अक्का बोलायला लागल्या. सगळं कानडीत. मला त्यातले लॉरी आणि नाला एवढेच शब्द कळले. बराच वेळ बोलत होत्या. बैल कान खाली पाडून ऐकत चालत होता.

"क्या बोल रही?" चाचांनी विचारलं.

"शिव्या द्यायल्यात."

"अच्छा है," चाचा म्हणाले. "दिल साफ होता."

नेमका त्याच वेळी अक्कांचा मुलगा आईचं बघायला आला होता. दवाखान्यात कुणी नाही म्हणून नदीवर आला, तर आई नदीत, बैलाला धरून. तो काठावरनं रडवेला होऊन "अव्वा, अव्वा" करायला लागला. त्याला वाटलं बैलानं पुन्हा तेच केलं.

"वरडू नको," अक्का म्हणाल्या. "दिसंना का? चालायलाव आमी."

डॉक्टर त्या आठवड्यात आले तेव्हा त्यांनी अक्कांचा गुडघा वाकवून पाहिला आणि मला विचारलं, कोणती पद्धत वापरली. माझ्याआधी चाचाच म्हणाले, "रिसाले की, साब." डॉक्टर माझ्याकडं पाहत राहिले. मीही मान हलवली. समजावून सांगायचं तर बैलापासून सुरुवात करावी लागली असती.

अक्का गेल्या त्या दिवशी गाडी आली होती, पण त्या फाटकापासून वळणापर्यंत चालत गेल्या आणि मग गाडीत बसल्या. बैल मागं बांधला होता, त्याला जुंपलं नव्हतं. दोघंही उजव्या बाजूला किंचित लंगडत होते. मला निरोप देताना त्या म्हणाल्या, "तू काय केलीस न केलीस, कळलं न्हाई बाई. पन पोरगी गुनाची हाईस." चाचांना त्या काही बोलल्या नाहीत. ते दोन दिवस माझ्याशी तुटकपणे वागले.

पुढच्या सोमवारी मी दवाखाना उघडला तर उजव्या दरवाजासमोर तीन म्हाताऱ्या उभ्या होत्या. एकीनं म्हैस आणली होती, एकीनं शेजाऱ्याचा बैल मागून आणला होता. तिसरीकडं काहीच नव्हतं म्हणून ती शेळी घेऊन आली होती. तिचा हात खांद्यात धरला होता, डोक्यावर पदर घेणंही होत नव्हतं. मंठाळकडनं बातमी आली होती की इथं दुखणं आपल्या जनावराबरोबर जातं.

मी त्यांना परोपरीनं सांगितलं. "व्हय, व्हय," तिघी म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. चाचांनी टोपी घातली. "चलो," म्हणाले आणि पुढं झाले.

नदीवर म्हैस तर बोलवायच्या आधीच पाण्यात जाऊन बसली, उठेना. शेळी पाणी बघून चार पाय रोवून ओरडायला लागली. म्हातारी तिला ओढून, दटावून दमली. मग "मेली नखरे करायली" म्हणत तिनं शेळीला दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ आपल्या खांद्यावर घेतलं.