आपला माणूस सोडायचा नाही

ज्या जाळ्याला बूड नाही त्या जाळ्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. बास्केटबॉलची ती जाळी बघा. वरून बॉल टाकायचा, तो लगेच खालून बाहेर. मग पकडलं काय? पुतण्या म्हणायचा, काका, पकडायचं नसतंच, नुसतं टाकायचं असतं. मी बरं म्हणायचो. मनाला काही ते पटत नव्हतं.

पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. आमच्या घरातून पालघरच्या कॉलेजात गेलेला पहिलाच. मी चौथीत शाळा सोडली, भावाने तर पाटीसुद्धा धड धरली नाही. भाऊ होडीवर तांडेल, होडी त्याच्या शब्दावर चालायची. मला समुद्र लागायचा, म्हणून मी टेम्पो घेतला. चिंचणीच्या बाजूच्या आमच्या गावातून मासळी बोईसरच्या बाजारात टाकायची आणि येताना बर्फ भरून आणायचा. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट.

थंडीत तारापूरच्या वसाहतीतल्या सिमेंटच्या मैदानावर सामने भरायचे. पोरगा कॉलेजकडून खेळतो म्हटल्यावर गाव बघायला जाणारच. त्या वर्षी सामने नेमके भांगेच्या दिवसांत आले. भांगेला पाण्याला ओढ नसते, जाळी लावून काही उपयोग नसतो, होड्या किनाऱ्याला पडून असतात. रिकामे गडी मासळीच्या टेम्पोत मागे उभे राहायचे आणि मी त्यांना मैदानावर नेऊन सोडायचो. आम्ही बसलो की आजूबाजूची बाकं लवकरच मोकळी व्हायची. वास यायचा ना. मला त्याचं वाईट वाटत नसे. पाय पसरून बसता यायचं.

आमच्यात खेळाचं शेवटचं बोलणं पाटलांचं. पाटील म्हणजे आमच्या समाजाचे पंचांमधले मुख्य, आणि तरुणपणी कबड्डीत डावा कोपरा सांभाळणारे. त्यांनी धरलेला पाय सुटलेला कोणी बघितला नव्हता. आम्ही सगळे कबड्डीचेच. बॉलचा खेळ आम्ही त्याच डोळ्यांनी बघायचो. कोण कोणाला धरून आहे आणि कोण कोणाला सोडतो, एवढंच.

पहिल्या फेरीत कॉलेजची गाठ बोईसरच्या एका कारखान्याच्या संघाशी पडली. पुतण्याकडे त्यांचा कप्तान धरायला दिला होता. चांगला खेळणारा, कारखान्यात सुपरवायझर. आणि इथेच मेख होती. परीक्षा झाली की खेळाच्या जोरावर पुतण्याला त्याच कारखान्यात घ्यायचं बोलणं चालू होतं. कप्तानाच्याच खात्यात. गावाला हे माहीत होतं. गावाला माहीत नाही असं काही नसतं.

सामन्यात काय व्हायचं ते सांगतो. कप्तान बॉल आपटत यायचा, पुतण्या त्याच्या अंगाला चिकटून. मग कारखान्याचा एक धिप्पाड गडी येऊन पुतण्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा. कप्तान त्या भिंतीला घासून पुढे. आणि आमचा पोरगा काय करायचा, तर कप्तानाला सोडून द्यायचा आणि त्या भिंतीलाच धरायचा. कप्तानावर मागून आमचा दुसरा पोरगा धावून यायचा, डोंगराकडच्या पाड्यातला, उंच आणि शांत. कधी वेळेत पोचायचा, कधी नाही. नाही पोचला की बॉल जाळीत.

एकदा झालं तेव्हा आम्ही गप्प. परत परत व्हायला लागलं तेव्हा पाटील उठून उभे राहिले. "अरे, तुजा माणूस धर! तुजा!" आम्ही सगळेच ओरडायला लागलो. समोर कारखान्याचे कामगार बसले होते. त्यांतला एक वेल्डर आमच्याकडे बघून हसत म्हणाला, "चाचा, क्यों गला फाड़ते हो? लड़का तो अब हमारा ही है।"

आमची ओळच्या ओळ थंड पडली.

कॉलेज हरलं. तरी बाकीचे सामने जिंकलं तर फायनल गाठता येत होती. परत येताना टेम्पोत फक्त हीच चर्चा. कोणी म्हणालं पोरगा दमला असेल. कोणी म्हणालं दमलेला माणूस त्या धिप्पाडाला कशाला धरेल. एकाने सरांवर बोट ठेवलं. खेळाचे सर घाटावरचे, आमच्या भागात नवीन, तेच सांगत असतील म्हणाला. मग दुसरा म्हणाला, सर तरी कोणाचे? पाटील केबिनमध्ये माझ्या बाजूला बसले होते. पुलापाशी आल्यावर म्हणाले, "पाय सुटला तर मी समजतो. सोडला, ते कसं समजायचं?"

घरी आल्यावर मी पोराला विचारलं. त्याने बोंबील वाळवायच्या दोऱ्यांखाली मला आणि भावाला उभं केलं, भावाला भिंत केली, मला कप्तान. म्हणाला, भिंत आली की मी अडकतो. मग मागचा गडी माझा माणूस घेतो, मी त्याचा घेतो. अदलाबदल. सर रोज हेच करून घेतात.

मी विचारलं, "आणि तुज्या माणसाने बॉल टाकला तर तो कोणाच्या नावावर?"

"कोणाच्याच नाय, काका. सगळ्यांच्या."

आता हे उत्तर ऐकून माझं समाधान व्हायच्या ऐवजी शंका वाढली. ज्या कामाला कोणी एक जबाबदार नाही त्या कामात खोट असते, हे मी बाजारात बघत आलो होतो. वजन कमी भरलं की काट्यावरचा मालकाकडे बोट दाखवतो आणि मालक काट्याकडे. मी त्याच्या पायांकडे बघितलं. नवे बूट होते. कोणी दिले म्हटलं, तर सरांनी. पुढच्या सामन्याला मी पाचही पोरांचे पाय नीट बघितले. सगळ्यांचे बूट सारखे. दुसरा कोणी असता तर निश्चिंत झाला असता. मी म्हटलं, सगळ्यांना सारखे दिले याचा अर्थ सगळ्यांनाच गाठलं असाही होतो.

पण हे माझ्या मनातलं. गावाने माझ्या घरातल्या पोरावर संशय घ्यायचा, हे वेगळं.

आमच्याकडे रीत अशी की एखाद्या गड्यावर फितुरीचा संशय आला, म्हणजे आपली जाळी कुठे लावली ते दुसऱ्या गावाला सांगितलं वगैरे, तर त्याने होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवून सगळ्यांसमोर बोलायचं, मी केलं नाही. बोलला की विषय संपला. नाही बोलला तर कुठल्याही होडीवर त्याला पाय ठेवता येत नाही. पण बोलला तरी त्याच्या घराला ते चिकटतंच. अमक्याच्या घरातल्याला नाळेवर हात ठेवावा लागला होता, असं पोरीबाळींची लग्नं जुळवताना निघतं. आमच्या घरातल्या कोणावर ती वेळ आलेली नव्हती.

कॉलेज फायनलला पोचलं. समोर परत तोच कारखाना. आदल्या संध्याकाळी पाटील चार माणसं घेऊन अंगणात आले. भावाने घोंगडी टाकली. पाटील बसले नाहीत. भांग संपत आली, होड्या निघायच्या आधी पोराने नाळेवर हात ठेवावा, असं लोकांचं म्हणणं आहे म्हणाले.

भाऊ खाली बघत राहिला. तो तसाच, समुद्रावर वाघ आणि जमिनीवर मुका. मी पुढे झालो. म्हटलं, "पाटील, हा होडीचा खेळ नाय. कॉलेजचा हाय."

"पोरगा होडीचा हाय ना?"

मग मीच तोड काढली. उद्याचा सामना बघा म्हटलं. त्याने तो कप्तान सोडला, तर परवा मी त्याला हाताला धरून नाळेपाशी आणतो. नाही सोडला, तर यापुढे कोणी ब्र काढायचा नाही. पाटलांनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि हो म्हणाले.

पोरगा दारात उभा राहून ऐकत होता. ते गेल्यावर म्हणाला, काका, मी अदलाबदल नाय केली तर सर मला बाहेर बसवतील.

मी म्हटलं, "सरांच्या होडीवर जाणार हायेस का उद्यापासून?"

तो जेवला नाही. वहिनी माझ्याशी बोलली नाही. मी माझं जेवलो. मी सांगितलं त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं.

फायनलला आमचा टेम्पो खच्चून भरलेला. सामना सुरू झाला आणि पोरगा कप्तानाला चिकटला, कालवं खडकाला चिकटतं तसा. भिंत आली की तो भिंतीतून घुसायचा. एकदा खांदा लागला, एकदा कोपर. ओठ फुटला. सर बाजूने ओरडत होते, "बदल! बदल!" तो ऐकल्यासारखं करत नव्हता. सरांनी त्याला बाहेर घेतलं, समोर उभं करून काहीतरी बजावलं, आणि बदली पोरगा चालेना म्हणून परत आत पाठवलं. आत जाताना त्याने आमच्या ओळीकडे बघितलं. पाटील त्याच्याकडे बघत होते. मीही.

अगदी शेवटाला दोन्ही संघ बरोबरीत. कप्तान बॉल घेऊन आला. धिप्पाड गडी येऊन उभा राहिला. पोरगा भिंतीवर जाऊन आदळला, पडला, पडूनही उठला आणि कप्तानाच्या मागे धावला. डोंगराकडचा पोरगा ठरल्याप्रमाणे कप्तानावर आला होता. म्हणजे आमचे दोघे एकाच माणसावर. तो धिप्पाड जाळीखाली एकटा. कप्तानाने बॉल त्याच्याकडे फेकला, त्याने सावकाश वर टाकला. शिट्टी वाजली.

कॉलेज हरलं आणि आम्ही टाळ्या वाजवत उभे राहिलो. वसाहतीतली माणसं वळून वळून बघायला लागली की हे कोणाचे लोक. पाटील मैदानात उतरले, पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सोडला नाय. बघितलं सगळ्यांनी." विषय संपला. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात तो वेल्डर शेजारून गेला. म्हणाला, "चाचा, आज तो आपके लड़के ने जिता दिया हमको।" आणि खरंच मनापासून हात जोडून गेला. माझ्या डोक्यात ते शब्द अडकले. मी पोराकडे बघितलं. तो ओठावर ओला रुमाल धरून उभा होता आणि त्याच्या संघातलं कोणी त्याच्याजवळ नव्हतं.

टेम्पोपाशी सर आले. माझ्याकडे बघितलंही नाही. पोराला म्हणाले, "कधीपासून ठरलं होतं? नोकरीचं पत्र हातात पडलं का?"

मी त्याच्याकडे बघत होतो, तो जमिनीकडे. त्याने माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग मीच म्हटलं, सर, त्याला मी सांगितलं होतं. आमच्याकडे आपला माणूस सोडत नाहीत.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांचाही माझ्यावर विश्वास बसला नाही, ते दिसत होतं. काका घरातला, काका वाचवणारच. म्हणाले, "मला नका सांगू. त्या चार मुलांना येऊन सांगा. त्यांनी याच्याबरोबर खेळायचं की नाही ते तेच ठरवतील."

मी कोणाच्या दारात खुलासे द्यायला जाणारा माणूस नाही. पण दोन दिवसांनी टेम्पो घेऊन पालघरला गेलो. कॉलेजच्या मैदानावर सरांजवळ चार पोरं उभी होती, पुतण्या वेगळा एका कडेला. मी नाळ, पाटील, घर, सगळं सांगितलं. चूक झाली असं म्हटलं नाही, कारण मला तसं वाटत नव्हतं. मी म्हटलं, हा विकला गेलेला नाय. याच्या घराला विचारा.

तीन पोरं एकमेकांकडे बघत राहिली. डोंगराकडच्या पोराने माझ्याकडे बघितलं नाही. तो पुतण्याला म्हणाला, "मंग माला का नाय सांगलास? मी तुज्यासाठी आलो ना धावत."

मी पुतण्यासाठी दोन तोंडं बंद केली होती, गावाचं आणि पाटलांचं. या पोराचं तोंड माझ्या हिशेबातच नव्हतं.

सर म्हणाले, चला, आत्ता करून दाखवा. एकाने बॉल घेतला, एक भिंत होऊन उभा राहिला. पहिल्यांदा आले तेव्हा पुतण्या भिंतीपाशी क्षणभर थांबला आणि त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बॉलवाला निघून गेला. परत केलं. परत त्याने माझ्याकडेच बघितलं. डोंगराकडचा पोरगा कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

मी टेम्पोकडे गेलो. बॉनेटवर हात टेकून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. मागे बॉल आपटल्याचा आवाज येत होता, मग बूट घासल्याचा. कोणीतरी "बदल" ओरडलं. आवाज पुतण्याचा होता. काय झालं ते बघायला मला फार वळावंसं वाटलं. वळलो नाही. थोड्या वेळाने गाडी सुरू केली, कारण संध्याकाळी पाणी वाढणार होतं, होड्या निघणार होत्या आणि बर्फ अजून भरायचा होता.