ऋणनिर्देशाचं पाकीट

हिस्के बोलहाउस पोटासाठी लोकांची नावं पुसायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण ग्रोनिंगनमधल्या त्या छोट्याशा त्रैमासिकाच्या कचेरीत एकतीस वर्षं तिनं हेच केलं. त्रैमासिकाचा विषय समुद्रकाठचा गाळ, बांध आणि भरती-ओहोटी. लेख आला की तो दोन जाणत्यांकडे तपासायला जायचा, आणि कुणी लिहिलाय हे त्यांना कळू द्यायचं नाही, असा नियम. म्हणून हिस्के लेखकाचं नाव काढायची, शेवटचा ऋणनिर्देश काढायची, 'मी माझ्या मागच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' असं कुणी मिरवलं असेल तर तेही काढायची. कागदाच्या काळात हे काम कात्रीनं होई. कापलेल्या पट्ट्या एका तपकिरी पाकिटात जायच्या, पाकिटावर लेखाचा क्रमांक पडायचा, आणि लेख पसंत झाला की पट्ट्या पुन्हा जागच्या जागी यायच्या.

त्यानंतर खरी हमाली सुरू व्हायची. तळटिपांचे आकडे जुळवा, तक्ते सरळ करा, संदर्भसूची अक्षरानुक्रमे लावा. जगाला शहाणं करून सोडणाऱ्या या मंडळींना सूचीत आधी वर्ष येतं की आधी शीर्षक, एवढं काही जन्मात लक्षात राहत नसे. एका महाशयांनी तर अजून लिहिलंच नाही असं स्वतःचं पुस्तक संदर्भात दिलं होतं, पृष्ठक्रमांकासकट! हिस्के अशा चुका डोळ्यांत तेल घालून शोधायची. तिच्या हातून गेलेल्या लेखात खोट निघाली, असं कुणी कधी म्हटलं नाही. आणि नेमकं तेच तिला खायला उठायचं.

कारण रोज सकाळी साडेदहाला, कॉफीच्या वेळी, जिन्यावर बूट वाजायचे.

रबरी, गुडघ्यापर्यंतचे, ओले बूट. दोन मजले लाकडी पायऱ्या, डावा पाय किंचित ओढत. दाराशी यायचे आणि थांबायचे. सुरुवातीला तिनं तीन-चारदा दार उघडून पाहिलं. बाहेर कुणी नाही, फक्त ओहोटीनंतरच्या चिखलाचा तो खारट वास. मग तिनं दार उघडणं सोडलं. पंचवीस वर्षांत ते बूट वर येतानाच तिनं ऐकले होते, उतरताना एकदाही नाही. म्हणजे तो अजून दाराबाहेर उभाच आहे, असं मनाशी म्हणत ती उरलेला दिवस काढायची.

"हिस्के, कुणी यायचंय का?" संपादक सीत्से विचारायचा. तिच्या मुलाच्या वयाचा, गोड स्वभावाचा माणूस.

"कोण येणार इथं? बिस्किटांचा डबा बंद कर, एकेक झालं आपलं."

तो कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वुब्बो दानहोफ. उस्क्वेर्ट गावाजवळच्या बांधावर पंपघर सांभाळणारा, शाळा अर्धवट सोडलेला माणूस. अकरा वर्षं, उन्हातान्हात, बर्फात, दर ओहोटीला चिखलात उतरून त्यानं काठ्या रोवल्या आणि गाळ किती चढला, किती वाहून गेला ते वहीत लिहिलं. त्या वह्यांवर प्रोफेसर एव्हर्ट रिंकेमांनी १९९३ साली लेख लिहिला, आणि त्या लेखानं त्यांचं नाव झालं. लेखाखाली प्रोफेसरांनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या होत्या. त्या हिस्केनं नियमाप्रमाणे कापल्या, पाकिटात घातल्या. लेख पसंत झाला. त्याच आठवड्यात तिची आई दवाखान्यात, छापखान्याची घाई, आणि पाकीट खणातच राहिलं. लेखकाचं नाव तिला तोंडपाठ होतं, ते तिनं परत घातलं. दानहोफचं राहिलं.

अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी दानहोफ आला होता. सकाळी साडेदहाला. बूट पायात, अंक काखेत, डावा पाय किंचित ओढत.

"मोई, बाई," त्यानं तिकडच्या रीतीप्रमाणे नमस्कार करत म्हटलं. "चष्मा घरी राहिला बघा. माझं नाव छापणार म्हणाले होते प्रोफेसर. मी तीनदा वाचलं, लेकीनं दोनदा वाचलं. कुठंतरी बारीक अक्षरात असेल ना? दाखवता का जरा?"

तिला सगळं तत्क्षणी आठवलं. एक वाक्य पुरलं असतं. पण ती छत्तीस वर्षांची होती, नोकरीत नवी होती, आणि तिच्या तोंडून निघालं ते असं: "आमच्याकडे जसं येतं तसंच आम्ही छापतो, दानहोफ. प्रोफेसरांनी लिहिलंच नसेल."

त्यानं अंक पुन्हा काखेत धरला. "असं होय," म्हणाला. मग गेला. तो जिना उतरल्याचंही तिला कळलं नाही, कारण ती तेव्हाच खण उपसत होती. पाकीट तळाशी सापडलं. तिनं ते पुन्हा तळाशीच ठेवलं.

दानहोफनं प्रोफेसरांशी बोलणं टाकलं. पत्रांना उत्तर नाही, वह्या बंद. सहा वर्षांनी तो छातीच्या दुखण्यानं घरच्या बिछान्यातच वारला. हिस्केनं वर्तमानपत्रात ते वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला जिन्यावर बूट वाजले.

तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना, जानेवारीत, रिंकेमा स्वतः आले. सत्याऐंशीचं वय, हातात काठी, दोन मजले चढून दम लागलेला. त्यांनी टेबलावर हस्तलिखित ठेवलं.

"शेवटचा लेख आहे, हिस्के. तुझ्याच हातून जावा."

तिनं पहिलं पान पाहिलं. लेखक दोन होते. वुब्बो दानहोफ, नावापुढे मृत लेखकासाठी लावतात तो छोटा क्रूस, आणि त्याच्याखाली एव्हर्ट रिंकेमा.

"वह्यांतला उरलेला भाग आहे हा," प्रोफेसर म्हणाले. "त्या वेळी मी त्याचा ऋणनिर्देश लिहायला विसरलो. छापलेला लेख मी उघडूनसुद्धा पाहिला नाही. सगळी मिजास! कळलं तोवर तो गेला होता. किती आठवून पाहतो, पण आपण लिहिलं होतं की नाही, तेच आठवत नाही. नसेलच लिहिलं. माणूस आयुष्यभर चिखलात उभा राहिला आणि मी चार ओळी विसरलो."

हा म्हातारा पंचवीस वर्षं तिचं पाप स्वतःचं समजून वाहत होता आणि ती त्याला कॉफीत साखर किती घालू विचारत होती. तिला स्वतःची किळस आली. तरी ती बोलली नाही.

पण त्रैमासिकाचा नियम होता: प्रत्येक लेखकाची संमती सहीनिशी हवी, आणि लेखक हयात नसेल तर वारसाची. प्रोफेसरांनी दानहोफच्या लेकीला दोन पत्रं पाठवली होती. दोन्ही न उघडता परत आली. सही नसेल तर एकतर दानहोफचं नाव काढायचं, नाहीतर लेख परत पाठवायचा. सीत्से हळहळला, पण म्हणाला, "मग नाव काढ, हिस्के. काय करणार?"

दुसऱ्यांदा? त्याच माणसाचं नाव, त्याच हातांनी? तिनं खण उघडला, तळातलं पाकीट काढलं आणि दुपारची बस धरून उस्क्वेर्टला गेली.

यान्तिना दानहोफनं दार अर्धवटच उघडलं. पन्नाशीची, रुंद हाडाची बाई, पिठानं माखलेले हात.

"त्रैमासिकातून आलात? मग तशाच परत जा. त्या प्रोफेसरानं माझ्या बापाचं नाव गिळलं. आता मरायला टेकल्यावर उलट्या करतोय. सही मिळणार नाही."

"त्यांनी गिळलं नाही."

"मग कुणी? उंदरांनी?"

"मी," हिस्के म्हणाली. आणि उंबऱ्याबाहेर वाऱ्यात उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. कात्री, पाकीट, तो दिवस, ते वाक्य. आईच्या आजारपणाचं तिनं सांगितलं नाही. ती सबब आता तिलाच नको होती. पाकीट तिनं पुढे धरलं.

यान्तिनानं हात पुसले, पट्टी काढली, वाचली. बराच वेळ वाचली. मग आत गेली. दार उघडंच होतं. परतली तेव्हा तिच्या हातात तो जुना अंक होता, कोपरे वळलेला. तिनं लेखाचं शेवटचं पान हिस्केच्या डोळ्यांसमोर धरलं. खाली, रिकाम्या जागेत, छापल्यासारखी नीट अक्षरं काढण्याचा प्रयत्न करून शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं: मापं, वुब्बो दानहोफ.

"शेजारी कुणी आलं की अंक दाखवायचे," यान्तिना म्हणाली, "आणि मग बोटानं तेवढा भाग झाकायचे. पेन्सिलीचं आहे हे दिसू नये म्हणून."

हिस्के रडू लागली. यान्तिनानं तिला गप्प केलं नाही, आणि आतही बोलावलं नाही.

"सही देते," ती शेवटी म्हणाली. "पण आत्ता मला सांगितलंत ते छापा. तुमच्या नावासकट. बापाचं नाव गाळलंत आणि गाळणारीचं नाव लपून राहिलं ना? मग आता ते छापून येऊ दे."

परतल्यावर हिस्के आधी प्रोफेसरांच्या घरी गेली. ते ऐकत राहिले, आणि फक्त एवढंच म्हणाले, "म्हणजे मी लिहिलं होतं." पुन्हा म्हणाले, "लिहिलं होतं मी." तिला त्यांनी माफ केलं की नाही, ते तिला कळलं नाही. विचारायचा तिला हक्कही नव्हता.

सीत्सेनं मात्र शुद्धिपत्राचा कागद वाचून कपाळाला हात लावला. "असं कुणी छापतं का, हिस्के? 'कार्यालयीन नजरचुकीने' म्हणू. सगळे तसंच म्हणतात."

"कार्यालयानं नव्हती केली चूक. आणि खोटं बोलणं ही नजरचूक नसते."

"निरोपाच्या अंकात हे? लोक एकतीस वर्षं विसरतील आणि एवढंच लक्षात ठेवतील."

"ठेवू देत."

एप्रिलमध्ये अंक आला. सकाळचं ऊन टेबलावर पडलं होतं. एकतीस वर्षांत त्या त्रैमासिकात हिस्के बोलहाउस हे नाव पहिल्यांदाच छापलं गेलं होतं, आणि ते असं. साडेदहाला जिन्यावर बूट वाजले. डावा पाय किंचित ओढत वर आले, दाराशी थांबले.

तिनं उठून दार सताड उघडलं. चिखलाचा वास आत आला.

"मोई, दानहोफ," ती म्हणाली. "चष्मा आणला नसेल तुम्ही. मी वाचते."

रिकाम्या चौकटीसमोर उभं राहून तिनं आधी शुद्धिपत्र वाचलं, स्वतःचं नाव न गाळता. मग प्रोफेसरांच्या त्या चार ओळी, मोठ्यानं, सावकाश: 'या लेखातलं प्रत्येक माप वुब्बो दानहोफ यांनी स्वतः चिखलात उतरून घेतलं आहे. मी फक्त बेरीज केली. समुद्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. हा लेख खरं तर त्यांचा आहे.' तिचा आवाज दोनदा चिरकला. तिनं ती दोन्ही वाक्यं पुन्हा नीट वाचली.

मग ती थांबली. थोड्या वेळानं वरची पायरी करकरली, मग तिच्या खालची. एकेक पायरी, घाई न करता, बूट खाली गेले.